क्रुसांच्या झाडापलीकडचं घर

आमच्या हाबसारे गावात मेलेला माणूस घरी परत येऊ नये म्हणून एक सोय केलेली आहे. ती सोय इतकी चोख आहे की एकदा तिने जिवंत माणसालाही आत येऊ दिलं नाही. तो माणूस म्हणजे हेल्बेचा नवरा ताइवो. पाहुण्यांना मी ही गोष्ट सांगत नाही. माझी नऊ आसनांची गाडी आहे, तीत पाहुण्यांना घालून मी देश दाखवत फिरतो, आणि असलं काही ऐकलं की माणसं पुढच्या उन्हाळ्यात लाटवियात जातात. गावात मला सगळे तात म्हणतात, कारण माझ्याहून म्हातारं असं इथे आता ते झाडच काय ते उरलंय.

तर ते झाड. चर्च आणि कबरस्तान गावापासून दूर, आणि तिथून गावाकडे येणारा रस्ता सगळा जंगलातून. जंगल संपतं तिथे वळणावर पाइनचं एक जुनं झाड उभं आहे, दोघांच्या कवेत न मावणारं. गावातून प्रेत निघालं की त्या झाडापाशी थांबतं. गेलेल्याचा जवळचा कुणी पुरुष सुरी काढतो, सालीवर क्रूस कोरतो, सगळे एकेक घोट व्होडका घेतात आणि मागे न बघता पुढे जातात. नंतर कधी त्या मेलेल्याला घरची ओढ लागलीच, तर तो येतो झाडापर्यंत. आपला क्रूस बघतो, आपण मेलोय हे त्याला आठवतं, आणि मुकाट मागे फिरतो. आम्ही माणसं भिडस्त. कुणाला तोंडावर जा म्हणणं आम्हाला जमत नाही, म्हणून झाडाकडून सांगवतो.

ताइवो बोलायला मुळातच कंजूष. आमच्यात कुणी फार बोलत नाही, पण ताइवोपुढे आम्ही सगळे पोपट. लग्नाची मागणी घालतानासुद्धा तो हेल्बेला एवढंच म्हणाला होता की छपरावर नवे पत्रे घातलेत. ती समजली. पुढे गावातले बरेच जण जातात तसा तोही फिनलंडात बांधकामावर गेला. महिना-दोन महिन्यांनी घरी यायचा, सरपण फोडायचा, धूर कोंडून तापवलेल्या धुरी न्हाणीत तासभर घाम काढायचा आणि परत जायचा. मग एका शरदात खबर आली की कामगारांची झोपडी जळाली, आत एक माणूस सापडला, आणि अंगात ताइवोचा कोट, खिशात ताइवोचे कागद. फिनलंडातून रक्षा आली. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे कुणी काही बघितलं नाही.

ताइवोला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून क्रूस कोरला हेल्बेच्या भावाने, काल्यूने. काल्यूचा मेव्हण्यावर फार जीव. तो आदल्या दिवसापासून पीत होता आणि झाडापाशी रडत रडत त्याने इतका खोल क्रूस कोरला की सुरीचं पातं तुटलं.

पुढच्या वर्षीची गोष्ट. बटाटे काढून झाले होते, सकाळी गवतावर पांढरं हिव पडायला लागलं होतं. मी व्होरू शहरातून रिकामी गाडी घेऊन परत येत होतो. चर्चच्या थांब्यावर बसमधून एक माणूस उतरला आणि खांद्यावर पिशवी टाकून चालू लागला. ती चाल मी ओळखली. एक खांदा खाली, जणू त्या बाजूला कायम बादली लटकलेली.

मी गाडी थांबवून काच खाली केली. "ताइवो?"

"हं."

"अरे, तू मेलास ना?"

त्याने थोडा विचार केला. "कधी?"

"गेल्या वर्षी. फिनलंडात, आगीत."

"मी नॉर्वेत होतो," तो म्हणाला. "मासेमारीच्या बोटीवर. कोट विसरलो होतो फिनलंडात."

"मग फोन तरी करायचास, गाढवा. वर्षभर?"

"सांगण्यासारखं काही नव्हतं, तात."

आता तुम्ही म्हणाल, वर्षभर बायकोला फोन नाही, म्हणजे हा माणूस तरी कसला. आमच्याकडे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. चूक झाली ती तिथेच. मेलेला माणूस आणि ताइवो, दोघांच्या गप्प बसण्यात आम्हाला फरक करता आला नाही.

मी त्याला शेजारी बसवलं, पट्टा लावायला लावला आणि निघालो. नॉर्वेत काय खातात विचारलं, तर म्हणाला, मासे. बटाट्याचं पीक कसं आलं ते मी सांगत होतो. वळण आलं, झाड मागे गेलं, आणि मी काहीतरी विचारायला मान वळवली तर शेजारची जागा रिकामी. दार बंद. पट्टा जसा लावला होता तसाच, छातीवरून आडवा, आत कुणी नाही. जागेवर हात ठेवला, ती ऊबदार होती.

आरशात पाहिलं. ताइवो मागच्या रस्त्यावर पाठमोरा चालला होता, कबरस्तानाच्या दिशेने. मधेच थांबून तो खिसे चाचपत होता. घरातून निघाल्यावर किल्ली विसरली की माणूस चाचपतो ना, तसा.

हेल्बे अंगणात गाजरांची माती झटकत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती गाजर हातात धरून ऐकत राहिली.

"वर्षभर फोन नाही," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे तोच आहे."

ती सायकल घेऊन गेली. मी गाडीने मागोमाग गेलो. आमच्या कबरस्तानात प्रत्येक थडग्यापुढे एक बाक असतो, घरच्यांना येऊन बसायला. ताइवो स्वतःच्या थडग्यापुढे, स्वतःच्या नावाच्या दगडासमोर बसला होता. हेल्बे शेजारी जाऊन बसली. बराच वेळ दोघं काही बोलली नाहीत, पण त्यात नवल नव्हतं. मग तिने त्याचा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि मला हाक मारली.

"गरम आहे, तात. नखं वाढलीत नुसती."

"दगडाखाली कोण आहे?" ताइवोने विचारलं.

"ते कुणाला माहीत नाही," ती म्हणाली. "तुझा कोट घातलेला कुणीतरी. चल घरी. सूप ठेवलंय."

दोघं हातात हात घालून निघाली. मी दहा पावलं मागे होतो, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलं. झाडापाशी ताइवोचा वेग कमी झाला. त्याने वर पाहिलं. हेल्बे ओढत होती, आणि ओढता ओढता तिची मूठ तिच्याच बोटांवर मिटली. तो वळून माझ्या अंगावरून गेला. त्याने मला ओळखलं नाही असं नाही, मान हलवली त्याने, पण रस्त्यात घाईच्या वेळी ओळखीचं कुणी भेटलं की हलवावी तशी.

मग काय काय नाही केलं. दलदलीच्या बाजूने फळ्यांच्या वाटेवरून आणलं, तो गुडघाभर शेवाळात उतरला आणि बाहेर निघाला तो चर्चच्या मागे. तळ्यातून होडीने आणलं, होडी रिकामी लागली. काल्यूने त्याला उलटं चालवलं, डोळ्यांवर टॉवेल बांधून. टॉवेल झाडाखाली सापडला, गाठ तशीच.

"आपण व्होरूला खोली घेऊ," हेल्बे त्याला म्हणाली. "गाई विकते. इथेच जगायला पाहिजे असं थोडंच आहे."

"मी घरी जायला निघालोय," ताइवो म्हणाला. "दुसरीकडे कुठे जायला निघालेलो नाही." ताइवोच्या मानाने हे भाषण होतं.

काल्यूला तर स्वतःचं तोंड दाखवायची लाज वाटत होती. एका दुपारी तो करवतीचं यंत्र घेऊन झाडापाशी आला. मी आणि हेल्बे धावत गेलो.

"हे झाडच नको," तो म्हणाला. "सरळ आडवं करतो."

"त्यावर एकट्या ताइवोचा क्रूस आहे का, काल्यू?" हेल्बे म्हणाली. "आपल्या पणजोबांपासूनचे आहेत. माझी सासू आहे त्यावर."

"मग तेवढा ताइवोचा क्रूस तासून काढतो."

"कोणता ताइवोचा?" मी विचारलं.

काल्यू बुंध्याभोवती फिरला. साल वाढते, राळ वाहते, वर्षभरात ताजा क्रूसही जुन्यासारखा दिसायला लागतो. क्रुसाला नाव नसतं. "हा असावा," तो म्हणाला. मग म्हणाला, "किंवा हा." मग त्याने तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"चुकून यूहान आजोबांचा तासलास तर ते येतील," हेल्बे म्हणाली. "ते जिवंत असतानाच कुणाला घरात नको होते."

काल्यूने तरी हट्टाने यंत्र सुरू केलं आणि पातं सालीला लावलं. भुसा उडालाही नाही एवढ्यात त्याने ते बंद केलं, कारण आम्ही तिघांनीही ऐकलं. कबरस्तानाच्या दिशेने, जंगलातून, बाक करकरल्याचा आवाज आला. एक बाक नाही, सगळे. चर्चमध्ये प्रार्थना संपली की सगळी माणसं एकदम उठतात ना, तसा. आणि मग काही नाही. उभं राहून वाट बघणाऱ्यांचा आवाज होत नाही.

काल्यूने यंत्र खाली ठेवलं. अगदी हळू ठेवलं. थोड्या वेळाने एकेक करून बाक परत करकरले.

दरम्यान ताइवो बदलत होता. जितक्या वेळा झाडापासून फिरे, तितका तो तिकडचा होत चालला. पहिल्यांदा तो कबरस्तानातल्या अवजारांच्या खोपटात झोपायचा आणि पाठ धरली म्हणून कुरकुरायचा. मग कुरकुर थांबली. हेल्बे रोज डब्यात सूप न्यायची, तो दुसरा वाडगा मागायचा बंद झाला. एका सकाळी थंडी एवढी होती की माझ्या आणि हेल्बेच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. ताइवो बोलत होता, आणि त्याच्या तोंडासमोरची हवा नितळ होती.

"इथली माणसं चांगली आहेत," तो म्हणाला. "फार बोलत नाहीत."

"कोण माणसं, ताइवो?" हेल्बेने विचारलं.

तो उत्तर देण्याआधी जरा सरकून बसला, बाकावर कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा. "तुम्ही नका त्रास करून घेऊ. नोव्हेंबर आलाच आहे. तेव्हा सगळे आपापल्या घरी जातातच. म्हणाले, आमच्याबरोबर चल."

हेल्बेच्या हातातून डब्याचं झाकण पडलं.

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे आत्म्यांचा महिना. तेव्हा झाड कुणाला अडवत नाही. घरात आवाज करायचा नाही, लाकूड फोडायचं नाही, चरखा फिरवायचा नाही. न्हाणी तापवायची, टेबल मांडायचं, एकेकाला नावाने हाक मारायची आणि दार लोटून ठेवायचं. ते येतात, बसतात. मग घरधनीण उठून म्हणते, खाल्लंत, प्यालात, आता आपापल्या वाटेने जा. ताइवो त्यांच्याबरोबर आला असता तर त्यांच्यातलाच होऊन आला असता, आणि हे वाक्य हेल्बेला नवऱ्याकडे बघून म्हणावं लागलं असतं. ते एकदा म्हटलं की संपलं.

म्हणजे आणायचा तर त्याच्या आत आणायला हवा होता.

त्याच आठवड्यात माझी हंगामातली शेवटची फेरी होती. निवृत्त जर्मन मंडळी, सगळ्यांच्या अंगात सारखेच लाल रेनकोट. हेल्बेकडे मी पाहुण्यांना नेहमी जेवायला नेतो. वाटेत वळणावर त्यांच्यातल्या एका जाड्या गृहस्थाने गाडी थांबवायला लावली, झाडाला मिठी मारली आणि बायकोकडून फोटो काढून घेतला. झाडाने त्याला काही केलं नाही. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बघत होतो आणि माझ्या डोक्यात उजाडलं. ते झाड अडवतं ते घरी निघालेल्याला. पाहुण्याला कोण कशाला अडवेल? पाहुण्याचा इथे क्रूस असला काय आणि नसला काय, त्याला आठवायला काही नसतंच.

परतताना मी कबरस्तानापाशी थांबलो, एक जादा रेनकोट ताइवोला घातला, गळ्यात कॅमेरा अडकवला, मधल्या जागेवर बसवला आणि गाडी पुन्हा गावाकडे वळवली. झाड येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग खिडकीतून बाहेर बघत ताइवो पुटपुटला, "कडेचा चर तुंबलाय. कोणी उपसला नाही." एवढंच. कॅमेरा जागेवर राहिला, पट्टा छातीएवढ्या उंचीवर ताणलेला राहिला. जर्मन बाईंनी विचारलं, ते गृहस्थ कुठे उतरले? मी सांगितलं, त्यांना पायी चालायला आवडतं.

मी हेल्बेकडे गेलो. ती बटाटे सोलत होती.

"नुसता पाहुण्याचा वेष करून भागत नाही," मी म्हणालो. "तो आतून पाहुणा व्हायला हवा. त्याला इथलं काही माहीत असता कामा नये. चर माहीत नको, शेतं नकोत, गावाचं नाव नको. मी पाहुण्यांना देश समजावून सांगतो तसा त्याला पहिल्यापासून सांगतो. नवा देश समजून ऐकायला लागला, तर येईल."

"आणि मला?"

"पाहुणा घरच्या बाईला ओळखत नाही, हेल्बे."

सुरीखाली साल लांबच लांब वळत गेली, तुटली नाही. "पण दारातून आत येईल."

"येईल."

"श्वास दिसेल त्याचा?"

"ते मला सांगता येणार नाही."

तिने तो बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला. तोही सोलून झाल्यावर म्हणाली, "उद्या घेऊन ये. वाटाण्याचं सूप करते."

दुसऱ्या दिवशी जर्मन मंडळींना मी काहीतरी निमित्त सांगून पुन्हा गाडीत भरलं. ताइवोला पुढे माझ्या शेजारी बसवलं. आदल्या दिवशीपेक्षा तो थंड होता, रेनकोटातून गारवा येत होता. मी चर्चपासून गाडी अगदी हळू सोडली आणि माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. एकदा मागे वळून मोडक्या जर्मनमध्ये, एकदा शेजारी आमच्या बोलीत.

"मंडळी, आमचा देश लहान आहे. नकाशावर शोधायचा तर रशियावरचा हात जरा डावीकडे सरकवा, पाणी लागलं की थांबा. माणसं पुरती चौदा लाखसुद्धा नाहीत. त्यातली बरीचशी राजधानीत राहतात, उरलेल्यांना त्यामुळे ऐसपैस जागा मिळते."

"काय बडबडतोयस तात," ताइवो म्हणाला. "माहीत आहे हे."

"तुला काही माहीत नाही. तू आजच आलायस. ऐक. निम्मा देश जंगल आहे, आणि जे जंगल नाही त्यातलं बरंचसं दलदल. बेटं दोन हजारांवर आहेत, काहींवर फक्त मेंढ्या असतात. सगळ्यात उंच डोंगराला आम्ही अंड्याचा डोंगर म्हणतो. तो इथून जवळच आहे. धापा न टाकता चढून होतो, मग वर जाऊन आम्ही एक मनोरा बांधला, म्हणजे थोडी तरी दमछाक व्हावी."

मागे जर्मन हसले. ताइवो हसला नाही, पण माझ्याकडे बघू लागला.

"हिवाळ्यात थंडी फार का रे असते?" त्याने विचारलं. आवाजात चेष्टा होती. चेष्टेने का होईना, विचारलं होतं.

"समुद्र गोठतो. बेटांवर गाडीने जाता येतं, मात्र बर्फावर पट्टा सोडून बसावं लागतं, बुडालो तर उडी मारता यावी म्हणून. उन्हाळ्यात उलट. सूर्याला झोपच येत नाही, आणि आम्ही सगळे शेकोट्या पेटवून त्याला सोबत करतो."

"आणि लोक खातात काय?"

"काळा पाव, बटाटे, डुक्कर. खारवलेले मासे. पाहुणा आला तर तेच, पण जास्त."

जंगल दोन्ही बाजूंनी सरकत होतं. मी गाणं सांगितलं, दर काही वर्षांनी सगळा देश एका मैदानात जमून एकत्र गातो ते. एरवी अबोल असणारी, रांगेत उभं राहताना दोन माणसांत तिसरा मावेल एवढं अंतर ठेवणारी माणसं तिथे खांद्याला खांदा लावतात, हेही सांगितलं. घरात शिरताना जोडे काढतात, घरमालकाला सांगायला लावत नाहीत, हे सांगायचं राहून गेलं. ते नंतर कळलं.

"तुम्ही म्हणालात की लोक अबोल आहेत," ताइवो म्हणाला.

मी चमकलो. तुम्ही. जन्मापासून त्याने मला तू म्हटलं होतं, आमच्या भागात तात असो की पाद्री, सगळ्यांना तूच. मी त्याच्याकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघत राहिलो.

"हो. अबोल आहेत."

"हे फार रोचक आहे," तो म्हणाला. "कृपया सांगा, याचं कारण हवामान असावं का?"

आवाज ताइवोचा होता, शब्द पुस्तकातले. बोलीचा वास गेला होता, प्रत्येक शब्द स्वच्छ धुतलेला, कुणी परक्याने रेडिओ लावून चार वर्षं घोकावा तसा. मी बोलत राहिलो. काय बोललो ते मला आठवत नाही. चीज, जिऱ्यासारख्या बिया, धुरी न्हाणी, करकोचे, काहीही. वळण आलं.

ताइवोने पुढे वाकून काचेतून वर पाहिलं. मी ब्रेकवर पाय ठेवला नाही, श्वासही घेतला नाही.

"ते पाहा," तो म्हणाला. "त्या झाडावर चिन्हं कोरलेली दिसतात. त्यांचा अर्थ काय?"

"जुनी प्रथा," मी म्हणालो. "मेलेल्यांसाठी."

"किती सुंदर," ताइवो म्हणाला आणि कॅमेरा उचलून त्याने फोटो काढला.

झाड मागे गेलं. शेजारची जागा भरलेली होती. मी हीटर चालू केला आणि थोड्या वेळाने बघितलं, तर त्याच्या बाजूची काच आतून धुरकट झाली होती. त्याच्या श्वासाने.

हेल्बे फाटकात उभी होती, रविवारचा एप्रन घालून. काल्यू गोठ्याच्या दारात होता, त्याला मी सक्त सांगितलं होतं की तोंड उघडायचं नाही. जर्मन उतरले. शेवटी ताइवो उतरला, इकडेतिकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. त्याने स्वतः ठोकलेले पत्रे.

"नमस्कार," तो हेल्बेला म्हणाला. "आपलं घर अतिशय रमणीय आहे."

"या," हेल्बे म्हणाली. "आत या." आणि तो जोडे घालून तिच्या धुतलेल्या फरशीवरून थेट आत गेला. त्या घरात चिखलाचे जोडे नेणारा तो पहिला आमचा माणूस. ती त्या पावलांच्या ठशांकडे बघत राहिली. पुसले नाहीत तिने.

जेवताना त्याने सूपाची स्तुती केली. पावाची केली. लोण्याची केली. पाककृती विचारली. वीस-बावीस वर्षांत त्या माणसाने तिच्या सूपावर एकदाही ब्र काढला नव्हता. हेल्बे चुलीकडे तोंड करून उभी होती. मी जवळ गेलो.

"रडतेस?"

"नाही," ती म्हणाली. "ऐकतेय."

"त्याला काही सांगू नकोस. तो कोण ते कळलं की उठेल, खिसे चाचपेल आणि चालू लागेल."

"मला कळतं ते, तात."

जर्मन मंडळींना संध्याकाळच्या गाडीने रीगाला जायचं होतं. ती कोट चढवू लागली तसा ताइवोही उठला. पाहुणा तो, सगळ्यांबरोबर आला, सगळ्यांबरोबर जाणार. खिडकीबाहेरून काल्यूने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, हा आता आडवा पडतो गाडीपुढे. ताइवो टेबलाभोवती वळून हेल्बेपुढे आला, हात पुढे केला.

"आपल्या आतिथ्याबद्दल आभारी आहे."

हेल्बेने हात धरला. मला दिसलं की ती तो पुन्हा उलटा करून बघतेय, नखं बघतेय. "आपल्याला घाई आहे का?" तिने विचारलं.

ताइवोने विचार केला. प्रामाणिकपणे केला, कपाळाला आठी घालून. "खरं सांगायचं तर कुठे जायचं आहे ते मला नीट आठवत नाही."

"मग राहा. पाहुण्यांची खोली हिवाळाभर रिकामीच असते. न्हाणी तापवलीय."

"मी आपल्याला अडचण करीन."

"नाही करणार," हेल्बे म्हणाली.

तो राहिला. मी जर्मनांना घेऊन निघालो. आरशात फाटकात तिघं उभी होती, आणि तिघांच्या तोंडासमोर वाफ होती.

नोव्हेंबरात तिने टेबल मांडलं. हे मला काल्यूने सांगितलं. तिने सगळ्यांना हाका मारल्या, सासूला, यूहान आजोबांना, एकेकाला. ताइवोचं नाव गाळलं. पाहुणा टोकाला बसला होता, सगळं कुतूहलाने बघत. दार आपोआप उघडलं आणि मेणबत्त्या वाकल्या, तेव्हा तो अर्धवट उठला आणि रिकाम्या थाळ्यांकडे बघून हळूच विचारता झाला, "मी कुणाच्या जागेवर तर बसलो नाही ना?"

"नाही," हेल्बे म्हणाली. "बसा."

तेव्हापासून तो तिथेच आहे. सरपण फोडतो, पाहुण्याला कंटाळा येतो म्हणून मदत करतो तसं. गाईंची नावं त्याने नव्याने पाठ केली. पुढच्या उन्हाळ्यात त्याने हेल्बेला रीतसर मागणी घातली, गुडघ्यावर बसून, फुलं घेऊन. काल्यू माझ्याकडे येऊन म्हणाला, परक्या माणसाशी बहिणीचं लग्न लावायचं म्हणजे विचार करायला हवा, आणि मग स्वतःच मटकन बसला. लग्न झालं नाही. कागदोपत्री ती विधवा आणि तो कुणीच नाही. हेल्बे म्हणाली, पाहुणा म्हणून आहात तेवढं पुरे आहे.

या वर्षी हिवाळा संपता संपता ती माझ्याकडे आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

"काल तो चुलीपाशी मला अगं म्हणाला."

मी खुर्ची पुढे सरकवली.

"'अगं, मीठ कमी आहे.' असं म्हणाला. त्याच आवाजात. बोलीत. आणि त्याचा हात खिशाकडे गेला."

"मग?"

"मी म्हटलं, 'आपण काय म्हणालात, साहेब?' तो गोंधळला. 'क्षमा करा,' म्हणाला, 'सूप उत्तम आहे.' हात खाली आला." तिने दाराची कडी दोनदा वरखाली केली. "किती वाट बघितली मी त्या एका शब्दाची, तात. आणि आला तर मीच हाकलला. तुझं ते भाषण विरत चाललंय. येऊन पुन्हा सांग."

म्हणून मी दर रविवारी जातो. ताइवो नीट भांग पाडून बसतो आणि ऐकतो. लहान देश, जंगलं, बेटं, अंड्याचा डोंगर. प्रश्नही विचारतो. परवा म्हणाला, "लोक इतकं कमी बोलतात, तर त्यांना एकमेकांच्या मनातलं कळतं तरी कसं?"

हेल्बे पाठमोरी भांडी विसळत होती. तिने पाणी बंद केलं.

"घरच्यांना नाही कळत," ती म्हणाली. "पण आपण पाहुणे आहात. आपल्याला सांगायला हरकत नाही."

तिने हात पुसले, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि आपला नवरा कसा होता ते त्याला सांगू लागली. सावकाश, पहिल्यापासून. नाव तेवढं घेत नव्हती. तो हनुवटी हातावर टेकून ऐकत होता. मी टोपी उचलली, बाहेर आलो आणि गाडी सुरू केली.